हेलवेनची लाल दोरी

१

बोटीच्या नंबराची पट्टी घासून काढलेली होती. कुणी घाईत उपटलेली नव्हे, चांगली बसून, मशीन लावून, सावकाश घासलेली. मेन्नाने तिथल्या खरबरीत डागावरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे चोरीची आहेस तर, बाई."

बाहेर वारा शेडचे पत्रे बडवत होता. सकाळपासून तिचं कशात लक्ष लागत नव्हतं. हातातली पकड खाली ठेवायची, परत उचलायची, चहा करायचा आणि प्यायचा विसरायचा, असं चाललं होतं.

बोट पोर्थ एल्गनच्या बचाव मंडळाने जुन्यात घेतली होती. तळ कडक, फायबरचा. त्याच्या कडेने हवा भरलेल्या जाड करड्या ट्यूबा. मधे सुकाणूची पेटी, मागे इंजिन. असल्या बोटी गावात दुरुस्त करायच्या तर मेन्नानेच. बोट कुठली, किती जुनी ते ओळखायचं, ट्यूबांची गळती काढायची, वायरलेस आणि दिवे बसवायचे आणि पुढच्या रविवारी पाण्यात उतरवायची, असं ठरलं होतं. त्याच दिवशी चॅपेलच्या भिंतीवर नवी शिळा लागणार होती. लोकांना वाचवायला जाऊन समुद्रात राहिलेल्या गाववाल्यांची नावं तिच्यावर. मग भाषणं, चहा, मनुकांचा केक. मंडळाचा सेक्रेटरी एम्लिन याने सगळं मिनिटामिनिटाचं आखून ठेवलं होतं. एम्लिनला आखायला फार आवडायचं.

त्या शिळेवर मेन्नाच्या भावाचं, ग्विऑनचं नाव नव्हतं. आई त्यासाठी मंडळाच्या पायऱ्या झिजवून थकली होती. "चोराचं नाव देवाच्या भिंतीवर?" एम्लिनने एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, तेव्हापासून आईने जाणं सोडलं.

मेन्नाने साखळीने बोट एका कुशीवर केली आणि तळ धुवायला घेतला. नाकाच्या खाली, शेवाळाखालून, फायबरची एक जुनी डागडुजी वर आली. मूळच्या पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळट. बरी केलेली होती. कोपऱ्यात काहीतरी उमटलं होतं म्हणून तिने बॅटरी धरली. अंगठ्याचा ठसा होता. अंगठ्यावरून आडवा गेलेला व्रणही उमटला होता.

तिने स्वतःचा अंगठा पाहिला. मग बादली उलटी केली आणि तिच्यावर बसली. हा ठसा तिचाच होता. फायबर ओलं असताना ग्विऑन शेजारी उभा राहून म्हणाला होता, "कर ना ताई, सही कर. मोठी चित्रकार तू!" आणि तिने हसत अंगठा दाबला होता.

ही हेलवेन होती. गावाची जुनी बचावबोट. नऊ वर्षांपूर्वी ग्विऑनसकट जी समुद्रात गडप झाली, ती हेलवेन.

२

घरी आली तर शुक्रवार असल्यामुळे इद्वलकाका मासे घेऊन दारात उभा होता. एके काळी हेलवेनचा तांडेल, बोटीचा प्रमुख. आता सत्तरी उलटलेली, बहीण वारल्यापासून आणखीच वाकलेला. ग्विऑन गेला तेव्हापासून शुक्रवार चुकला नव्हता. कागदात गुंडाळलेले बांगडे, वरून काळी डांबरी सुतळी.

"ये की आत," मेन्नाची आई एलुनेड म्हणाली.

"नको. बूट घाण आहेत." दर शुक्रवारी त्याचे बूट घाणच असायचे. जाता जाता तो मेन्नाकडे वळला. "बोट ट्रकवरून उतरताना बघितली मी. मेन्ना, तारा सगळ्या उपटून नव्या घाल हो. सगळ्या. जुनी एक ठेवू नकोस."

"बघते काका."

"बघते नाही. घाल."

आईने पुडी ओट्यावर ठेवली आणि सुतळी सोडवायला लागली. या गुंडाळीला गाठ नसते. टोक आत खुपसलेलं असतं, ते शोधून ओढायचं. आईने ओढलं ते आणखी आवळलं. "मेल्याची गुंडाळी नेहमी उलटी! सगळं जग उजवीकडून गुंडाळतं, हा डावीकडून. हाताचं बोट मोडल्यापासून असंच. आण गं ती सुरी."

मेन्नाने सुरी दिली, पण बोटीचं सांगितलं नाही. काय सांगणार होती? हेलवेन बुडाली नाही एवढं कळलं की गाव लगेच म्हणणार, बघा, पोराने विकली आणि पळाला! आणि आई? ती उद्यापासून परत खिडकीत बसणार, आज येईल, उद्या येईल म्हणत. नऊ वर्षांनी कुठे बाई रात्री झोपायला लागली होती. रविवारच्या आत खरं काय ते मेन्नाला हवं होतं, आणि ते कुणाच्या तरी पोटात होतं.

३

बोट विकणारा हक नावाचा गडी दोन तासांच्या वाटेवर राहत होता. मेन्ना सोमवारी सकाळीच धडकली. तो अंडं आणि डुकराचं मांस खात होता आणि उठलासुद्धा नाही.

"नंबर घासलेली बोट विकताना लाज नाही वाटली?"

"ताई, मी लाज विकत नाही, बोटी विकतो." त्याने पावाने ताट पुसलं. "बेटावर एका शेतावरचं सामान निघालं होतं. या हिवाळ्यात म्हातारी मेली, पुतण्याने गोठा रिकामा केला. त्यात ही. झाकून ठेवलेली, वर मेंढ्यांच्या पिलांना ऊब द्यायचे दिवे टांगलेले. बोटीला ऊब! मी म्हटलं, आता हिला पिल्लं होतात की काय."

"म्हातारीचं नाव?"

"मी काय तिच्या घरी सोयरीक करणार होतो? रोख दिले, बोट उचलली."

खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला जेवढी मेहनत लागते तेवढी तो करणाऱ्यातला नव्हता. पण दिव्यांचं ऐकून मेन्नाला एक गोष्ट उलगडली. ट्यूबा चिकटवायच्या तर जागा कोरडी आणि उबदार लागते. दमट हवेत गोंद पांढरा पडतो आणि वर्षभरात सुटतो. या ट्यूबांचा गोंद कुठेच पांढरा पडला नव्हता. ज्याने चिकटवल्या त्याने जीव ओतून काम केलं होतं. चोरीचा माल कुणी एवढ्या मायेने दुरुस्त करतं का?

परत येऊन तिने शेडचं पुढचं दार आतून लावून घेतलं. नाकावरच्या कडीखाली रबराचा एक मोठा, गरजेपेक्षा फारच मोठा तुकडा चिकटवलेला होता. तिने गरम हवेचं यंत्र लावलं आणि कोपरा सावकाश उचलला. खाली नारिंगी रंग दिसला. जुन्या नारिंगी ट्यूबेतून कापलेली पट्टी होती ती, अक्षरं आतल्या बाजूला करून चिकटवलेली. पूर्ण सोडवून तिने ती उलटली. हेलवेन.

पोर्थ एल्गनात बोटीचं नाव पुसत नाहीत. रंग बदला, इंजिन बदला, मालक बदला, पण जुनं नाव बोटीच्या अंगावर कुठेतरी राहिलंच पाहिजे, नाहीतर समुद्र तिला ओळखत नाही. हे शहाणपण कुठल्या पुस्तकात नाही, आणि दहा मैलांवरच्या गावातही नाही. म्हणजे बोट लपवणारा परका नव्हता.

"बापरे!" मागून आवाज आला. एम्लिन मागच्या दाराने आत आला होता, आणि त्याची नजर तिच्या हातातल्या पट्टीवर होती.

४

"मी म्हणत नव्हतो?" एम्लिन बाकावर बसला, उठला, परत बसला. "विकली! आणि कुठेतरी मजेत असेल. रविवारी मला हे सांगावं लागेल, मेन्ना. मंडळाचा सेक्रेटरी आहे मी."

"सांगा. पण आधी मला सांगा, त्या दिवशी तुम्ही काय बघितलंत? गावगप्पा नकोत, डोळ्यांनी बघितलेलं."

एम्लिनचा स्वभाव किरकिरा होता, पण माणूस वाईट नव्हता. ग्विऑन तांडेल व्हावा म्हणून त्यानेच खटपट केली होती. म्हणूनच त्याला ते जास्त लागलं होतं. "संध्याकाळपासून समुद्र खवळलेला. धक्क्यावरून लाटा उडत होत्या. कुणाची हाक नाही, संकटात आकाशात सोडतात तो लाल बाण नाही. सकाळी मी बोटघर उघडलं तर हेलवेन नाही! बाकी सगळं जागच्या जागी. ट्रॅक्टरसुद्धा त्याच्या शेडमध्ये, गोड्या पाण्याने धुतलेला. एवढा थंड डोक्याचा चोर! आणि आम्ही त्याला पोर समजत होतो. मग मी इद्वलकडे पळालो. तो सकाळीच कड्यांवरून भिजून आला होता, दौडून दमलेल्या घोड्यासारखा धापा टाकत."

"धुतलेला," मेन्ना म्हणाली.

"काय?"

"काही नाही. रविवारपर्यंत तोंड बंद ठेवा, एवढं करा. माझ्यासाठी नको, आईसाठी."

तो गेला आणि मेन्ना शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. कुठेतरी पाणी मुरत होतं. बचावबोट पाण्यात कशी जाते? गाडीवर ठेवून, ट्रॅक्टरने ढकलत, उतारावरून लाटांत. बोट तरंगली की ट्रॅक्टर मागे घ्यायचा, वर आणायचा, खारं पाणी धुवायचं आणि शेडमध्ये लावायचा. शांत दिवशी एकटा माणूस बोट धक्क्याला बांधून हे करू शकतो. पण लाटा धक्क्यावरून उडत असताना? बांधलेली बोट दगडांवर आपटून चिंध्या झाली असती. बोटीत बसणारा आणि ट्रॅक्टर परत आणणारा, अशी दोन माणसं पाहिजेतच.

ग्विऑन एकटा गेला असता तर सकाळी ट्रॅक्टर भरतीत बुडालेला सापडला असता. नऊ वर्षं सगळं गाव समुद्राकडे बघत बसलं. शेडमध्ये ट्रॅक्टर होता, आणि तो तिथे असतोच म्हणून कुणी त्याचा विचारच केला नाही. तिनेही नाही.

कुणीतरी ग्विऑनला पाण्यात घातलं होतं. आणि मग हाताच्या सवयीने ट्रॅक्टर धुतला होता.

५

ट्रॅक्टर चालवणारे दोघेच होते, एम्लिन आणि इद्वलकाका. दोघांपैकी कोण, या विचाराने मेन्नाला दोन दिवस जेवण गेलं नाही. एम्लिन ग्विऑनबद्दल सगळ्यात कडू बोलायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही, असं तिला वाटत होतं. दुसऱ्याचं नाव तिने मनात येऊच दिलं नाही.

शुक्रवारी तिने इंजिनला नळीने पाणी लावलं आणि चालू केलं. जुनंच इंजिन, पण गुरगुरत लागलं. पेटीच्या खटक्यात नव्यासारखी लाल दोरी अडकवलेली होती. ही दोरी चालकाने मांडीला बांधायची. माणूस बाहेर फेकला गेला की दोरी खटक्यातून सुटते आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. मग बोट त्याला सोडून जात नाही, तो पोहत गाठू शकतो. ग्विऑन या दोरीचा एवढा पक्का होता की शेडमध्ये बसून इंजिन लावलं तरी बांधायचा, आणि मेन्ना त्याला भित्रा म्हणून चिडवायची.

तिने दोरी ओढली. सुटली. इंजिन चालूच.

परत अडकवली, परत हिसडा मारला. चालूच. "अगं आई गं," ती पुटपुटली आणि किल्लीने इंजिन बंद केलं. मग पेटीचा मागचा पत्रा उघडला. खटक्याकडून निघालेली एक तार मधेच कापलेली होती, म्हणजे दोरी सुटल्याची खबर इंजिनपर्यंत पोचतच नव्हती. टोकावर रबराचा तुकडा, आणि वर काळी डांबरी सुतळी. तांब्यावर हिरवा गंज चढलेला, सुतळीवर जुन्या मिठाचा थर. म्हणजे बोट गोठ्यात जाण्याच्या आधीचं काम, हेलवेन गावात होती तेव्हाचं. ग्विऑनने हे केलं नव्हतं. तो सगळ्याला चिकटपट्टी लावायचा, तुटलेल्या चष्म्यालासुद्धा. एम्लिनला बुटाची नाडी धड बांधता येत नसे. त्याचा सगळा संसार प्लास्टिकच्या पट्ट्यांवर.

सुतळीला गाठ नव्हती. टोक आत खुपसलेलं. तिने ते ओढून पाहिलं तर गुंडाळी आणखी आवळली.

डावीकडून गुंडाळलेली होती. मेन्नाला रडू फुटलं. तिला लहानपणी मांडीवर खेळवणाऱ्या माणसाचा हात होता तो.

६

इद्वलकाका दारात उभा होता, पुडी घेऊन. आई ओट्याशी होती.

"आज आत या काका," मेन्ना म्हणाली. "बूट असू देत."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट आत येऊन बसला. मेन्नाने टेबलावर कापलेली तार ठेवली, सुतळीसकट. शेजारी पुडी.

"आई, ऐक. आणि मधे बोलू नकोस." मेन्ना म्हणाली. "शेडमधली बोट हेलवेन आहे. तिच्या नाकाखाली तिचं नाव झाकून ठेवलंय, म्हणजे लपवणारा आपल्यातला. त्या संध्याकाळी ट्रॅक्टर कुणीतरी वर आणून धुतला, म्हणजे ग्विऑन चोरून गेला नाही, त्याला कुणीतरी पाठवला. एम्लिन सरळ सांगतो की ट्रॅक्टर धुतलेला होता. स्वतः धुतला असता तर त्याबद्दल शब्दही तोंडातून काढला नसता. बोट जिथे सापडली त्या शेतावरची म्हातारी या हिवाळ्यात वारली. तुमची बहीण बेटावर राहायची ना, काका? आणि जुन्या तारा उपटून टाक म्हणून तुम्हीच सांगितलंत. कुणाला माहीत होतं त्या तारांत काय आहे? ही सुतळी बघ आई. कुठल्या बाजूने गुंडाळलीय?"

आईने तार हातात घेतली. सुतळीचं टोक ओढून पाहिलं.

"खटका खराब होता," इद्वल म्हणाला. "लाट अंगावर आली की इंजिन बंद पडायचं. भर लाटांत. माणसं मेली असती. म्हटलं, नवा येईपर्यंत तार कापून ठेवू. ग्विऑनला सांगायचं राहिलं."

"आणि पाठवला का?"

"फोन आला होता. कड्यावरून कुणा परक्या वाटसरूला लाल बाण दिसला. दोन माणसं जायची, तो आणि मी. मी... मी प्यालेलो होतो, एलुनेड. माझ्याने बोटीत चढवेना. पोरगं म्हणालं, काका तुम्ही ट्रॅक्टर सांभाळा, मी बघून येतो. मी सोडला त्याला." त्याने चेहरा पुसला. "बाण सोडणारी ती नौका आपली आपण पलीकडच्या बंदरात पोचली. हा नाही आला. मी कड्यांवरून हाका मारत फिरलो. कुणाला उठवलं नाही. माझ्या तोंडाला वास येत होता ना! उजाडता उजाडता सीलांच्या खाडीत हेलवेन दिसली, खडकावर. इंजिन गिअरमध्येच. तेल संपेपर्यंत चालत राहिलं होतं ते. त्याला सोडून."

घड्याळ चालू होतं. खिडकीची काच वाऱ्याने हलत होती.

"रात्री बोट ओढत बहिणीकडे बेटावर नेली, जाळायला. काडी ओढली तीनदा. हात होईना. नंबर घासला, विकायला. तेही होईना. मग ट्यूबा नव्या केल्या. वाटलं, एक दिवस परत आणून ठेवीन."

मेन्नाला वाटलं आई ओरडेल, सुरी उचलेल, काहीही करेल. आई उठली. तिने पुडी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली.

"एवढे शुक्रवार मासे आणलेस," ती म्हणाली. "एकदा खरं आणलं असतंस, इद्वल."

तो तोंड झाकून हमसून रडला. आईने त्याला पाणी दिलं नाही. रडू दिलं. मग म्हणाली, "रविवारी चॅपेलमध्ये हे सगळं उभं राहून सांगायचं. माझ्या कानात नको. सगळ्यांच्या."

७

त्याने सांगितलं. भाषणांच्या आधी, टोपी हातात घेऊन, दारूसकट सगळं. पोलिसांकडे सोमवारी जातो म्हणाला, आणि एम्लिन उठून म्हणाला, "मी येतो बरोबर." मग एम्लिन आईसमोर येऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने या वेळी आखलेलं नव्हतं, त्यामुळे त्याने नुसताच तिचा हात धरला. पाथरवटाला छिन्नी आणायला परत घरी पाठवलं. शिळेवर खाली जागा होती.

तोवर सगळे उतारावर जमले. बोटीवर नाव जुनंच घातलं होतं, नाकावर, उजळ माथ्याने. तारा सगळ्या नव्या, खटका नवा. एम्लिनने ट्रॅक्टरने बोट पाण्यात ढकलली आणि मेन्नाने इंजिन चालू केलं.

"थांब," आई म्हणाली. ती चांगल्या बुटांनिशी गुडघाभर पाण्यात शिरली. "ती दोरी कुठली?"

"ही आई. लाल."

आईने ट्यूबेवर एक हात टेकला आणि दुसऱ्याने दोरी ओढली. इंजिन तिथल्या तिथे थांबलं. उतारावर फक्त लाटांचा आवाज राहिला.

आईने मान हलवली.

"असं व्हायला पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि दोरी मेन्नाच्या मांडीला स्वतःच्या हाताने बांधली.